सातवं गाठोडं

१

गाठ माझी नव्हती. फडकं सोडण्याआधीच मला ते कळलं, पण मला बोलता येत नव्हतं.

सन एकोणीसशे सदतीसचा भाद्रपद. पितृपंधरवडा लागला होता. वडगावच्या आमच्या विणकर वाचनालयाच्या अंगणात तगरीची दोन झाडं आहेत. चातुर्मासभर महादेवाला तगरीच्या फुलांची लाखोली वाहायची आणि रोजची फुलं वाहून होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही, असा माझा नेम होता. पंचमीच्या त्या सकाळी मी फुलं खुडून निघाले, तर पायरीवर चंद्राबाई.

चंद्राबाई साड्या विणायची. वय पस्तिशीचं. तिची आई बाळाबाई आषाढात गेली, तेव्हापासून तिच्या मागाचा आवाज गल्लीत ऐकू येत नव्हता.

"मास्तर," ती आत बघून म्हणाली, "प्लेगातल्या मंडळाची वही तुमच्याकडं हाय म्हणं. मला एक नाव बघायचं हाय."

मारुतीराव मास्तर शाळेतून निवृत्त झाल्यावर वाचनालय सांभाळत. "कुणाचं नाव?"

"माझ्या आईचं."

"बाळाबाईचं? त्या वहीत तिचं नाव कशाला असेल गं?"

"ती माझी आई न्हवं, मास्तर." चंद्राबाईनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "जाताना सांगून गेली. प्लेगात समदं गाव माळावर झोपड्यात ऱ्हायला गेलतं. तितं मी घावले. माझी आई कपाळावर कुंकू घेऊन गेली, एवढंच तिला ठावं. म्हणली, तुझ्या आईचं नाव मंडळानं वहीत लिवलंय. नवमीच्या आत बघ."

अविधवा नवमी. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावानं सवाष्ण जेवू घालायचा दिवस. नाव घेतल्याशिवाय ते पान वाढता येत नाही. चारच दिवस उरले होते.

मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "आज अंधारून आलंय. मोडी वाचायला उजेड लागतो. उद्यापरवा ये."

"उद्यापरवा करत नवमी जाईल की."

मी फुलांची बुट्टी बाकावर ठेवली आणि कपाटाकडं बोट केलं. ही कागदाच्या लगद्याची बुट्टी अंबूबाईनं मला गौरीच्या सणाला दिली होती. अंबूबाई वाचनालय झाडते आणि लगद्याच्या बुट्ट्या करते. तिच्या आधीच्या बुट्ट्या दोन महिन्यांत कडेनं भुसभुशीत व्हायच्या. ही टणक होती, टिचकी मारली की लाकडासारखी वाजायची.

मास्तरांनी कुलूप काढलं. आत सात गाठोडी. तीन वर्षांपूर्वी मास्तर घरोघर फिरले होते आणि तालमीचं, भजनी मंडळाचं, नाटक मंडळीचं, प्लेगातल्या आश्रय मंडळाचं, असं जुनं दप्तर त्यांनी गोळा करून आणलं होतं. मी फाटकी पानं खळीनं चिकटवली, एकेक दप्तर फडक्यात बांधलं. सहा लाल खारव्यात. सातवं, आश्रय मंडळाचं, पांढऱ्या फडक्यात, कारण मेलेल्या माणसांच्या यादीला लाल रंग घालावासा वाटेना.

मी पोथीसारखी चपटी गाठ मारते आणि टोकं आत खोचते. इथं टोकं तोडलेली बारीक, घट्ट गाठ होती. नखानं सुटेना. मास्तरांनी कात्री दिली.

आत घडी घातलेली जुनी वर्तमानपत्रं निघाली. प्रत्येकाच्या कोपऱ्यात निळ्या पेन्सिलीची फुली होती.

चंद्राबाईनं एकेक कागद उलटून बघितला. तिला वाचता येत नव्हतं, पण छापील आणि हातानं लिहिलेलं एवढं तिला कळत होतं. मग तिनं माझ्याकडं बघितलं.

"आक्का, माझी आई कुठं गेली?"

२

फुलं वाहून मौन सोडलं आणि मी तडक सिद्रामकडं गेले.

आश्रय मंडळाचा प्रमुख होता सिद्रामचा बाप, जोतिराम. माळावरच्या छावणीत मेलेल्या बायकांच्या अंगावरचं सोनं जोतिरामनं ठेवून घेतलं, असं वडगाव पस्तीस वर्षं कुजबुजत आलं होतं. वही नाहीशी व्हावी असं वाटणारा माणूस शोधायचा, तर पहिलं घर हेच.

सिद्राम मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला होता. मला बघून त्यानं हात थांबवला नाही.

"आलात? वडगावात काय बी हरवू दे, जोतिरामाच्या पोराचं दार काय चुकत न्हाय."

"मी चोर शोधायला आले नाही, सिद्रामअण्णा. वही शोधायला आले."

"एकच की वो ते." त्यानं धोटा टाकला. "आक्का, ती वही आमच्या माळ्यावर तीस-बत्तीस वरसं पडून होती. मास्तर आले, मागितली, मीच उतरवून दिली. मला ती नको असती, तर आमच्या घरात चूल न्हवती व्हय?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण मी उठले नाही.

"मग का दिलीस?"

"कुणीतरी वाचावी म्हणून!" आता हात थांबला. "बा म्हणायचा, कुणाचं डोरलं कुणाच्या पोरीच्या हातात दिलं, समदं लिवलंय. मला मोडी येत न्हाय, गल्लीत कुणाला येत न्हाय. म्हणलं, मास्तरांना येती. वाचतील, गावाला सांगतील, बाचं नाव धुतलं जाईल. तीन वरसं झाली. वाचली का कुणी?"

मी मान खाली घातली. मला मोडी येत नाही. मास्तरांना येते, पण त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. सवडीनं वाचू, आधी नीट ठेवू, असं आम्ही दोघं म्हणत आलो होतो. नीट ठेवलं, आणि तिथंच थांबलो.

तेवढ्यात ताण्याचा एक धागा तुटला. सिद्रामनं दोन टोकं चिमटीत धरून गाठ मारली आणि उरलेलं दातांनी तोडलं. बारीक, घट्ट, नखानं न सुटणारी गाठ. मी एकटक बघत राहिले.

"काय बघताय? विणकराची गाठ हाय. वडगावात हाताला हीच येती."

"गाठोड्याला हीच होती," मी म्हटलं. "म्हणजे बांधणारा मागावर बसलेला माणूस. मास्तर तेवढे त्यातून सुटले. ते पहिल्यापासून शाळेतले."

सिद्राम मोठ्यानं हसला. "मास्तर? आक्का, बारा वरसांचा हुईस्तवर तो माणूस याच खड्ड्यात बसून विणायचा. माझ्या बाच्या शेजारी!"

३

थोर माणसावर संशय घ्यायचा म्हणजे आधी स्वतःचं मन तपासून घ्यावं. कपाटाची किल्ली मास्तरांकडं, गाठ मास्तरांची. पण ज्या माणसानं उन्हातान्हात फिरून ती वही आणली, तो ती नाहीशी का करेल? मी घाई केली नाही.

षष्ठीला दुपारी मी तालमीत भरमूकडं गेले. कपाट उघडायला मास्तरांच्या मागं लागणारा गावात तो एकटाच. तालमीनं कुस्तीच्या फडात जिंकलेली चांदीची गदा त्याला वाचनालयाच्या कपाटात ठेवायची होती.

"भरमूअण्णा, एक विचारू का?"

"इचारा की. पण आखाड्यात पाय नका टाकू, माती हाय. सोवळं मोडंल तुमचं."

"गदेला जागा व्हावी म्हणून तू एखादं गाठोडं हलवलंस का?"

"आक्का!" त्यानं दोन्ही कानांना हात लावले. "त्यात आमच्या तालमीचं बी दप्तर हाय. माझ्या वस्तादाचं नाव हाय त्यात. आन् हलवायची येळच आली न्हाय. श्रावणात मास्तरांनी कपाट उघडून दावलं, तवा खालच्या कप्प्यात जागा मोकळीच होती. सहाच तर गाठोडी. सहाबी लाल. मी म्हणलं, मास्तर, हितं गदा झ्याक बसंल. तर म्हणले, न्हाय, ती जागा राखून ठेवलीया."

"पांढरं नव्हतं?"

"न्हवतं. मला रंग दिसत न्हाय व्हय? नागीला इचारा, माझ्यासंगट हुती."

तालमीला लागून असलेल्या घरातून त्याची बायको नागुबाई म्हणाली, "व्हय, सहाच. आन् ह्यांनी गदा मास्तरांच्या टेबलावर ठेवली, तर दौत सांडली. त्यावरनं किती ऐकून घ्यावं लागलं ह्यांना!"

मी हसले नाही. मला श्रावणातला पहिला सोमवार आठवला होता.

श्रावणात वाचनालयात पोथी लावली होती. पोथी कपाटात ठेवायचे. ज्या कपाटात पोथी, त्यातच मेलेल्यांची यादी, हे माझ्या मनाला खुपत होतं. पहिल्या सोमवारी सकाळी मी कपाट उघडं बघितलं आणि ते पांढरं गाठोडं काढून पडवीतल्या बाकावर ठेवलं. मास्तर समोर होते, पण माझं मौन होतं. फुलं वाहून आल्यावर सांगू म्हटलं, आणि विसरले. चार दिवसांनी बाकावर गाठोडं दिसलं नाही, तेव्हा मास्तरांनी आत ठेवलं असेल असं धरून चालले.

ते गाठोडं कपाटातून बाहेर काढणारी मीच होते.

४

सप्तमीला मी ती वर्तमानपत्रं पुन्हा एकदा बघितली. फाल्गुन-चैत्रातली. आणि ती निळी फुली.

ती फुली मी शंभरदा बघितली होती. वाचून झालेलं, आता रद्दीत द्यायचं, अशा कागदावर मास्तर ती मारतात. त्याचा गठ्ठा पडवीतल्या बाकाखाली सुतळीनं बांधून ठेवतात, आणि श्रावणात अंबूबाई तो घेऊन जाते. या वर्षीही घेऊन गेली होती.

पण रद्दी तर इथं, माझ्या मांडीवर होती. मग अंबूबाईनं काय नेलं?

मी अष्टमीच्या सकाळी फुलं वाहून रिकाम्या बुट्टीसकट तिच्या दारात उभी राहिले. अंगणात उपड्या घागरीवर लगदा थापून ती हातानं गुळगुळीत करत होती. लगद्यात घातलेल्या मेथ्यांचा वास सुटला होता.

"या, या, यशोदाक्का! बुट्टी कशी हाय?"

"छान आहे. या वेळी इतकी टणक कशी झाली गं?"

अंबूबाईचा चेहरा फुलला. "कागदच तसला हुता, आक्का! वर्तमानाचा कागद म्हंजे नुसता भुसा. ह्यो जुना, हातकागद. चार दिस भिजत घातला तरी फाटंना. उखळात कांडून कांडून माझं खांदं गेलं. काळी शाई निघाली मातुर लई. पाणी सात डाव बदललं."



"कुठून आणलास तो?"

"वाचनालयातनंच की. मास्तर म्हणले, पडवीत बाकावरची रद्दी ने. बघितलं तर बाकावर पांढऱ्या फडक्यात बांधून ठिवलेली. म्हणलं, यंदा मास्तर लई नीट देत्यात!" ती माझ्याकडं बघून थबकली. "आक्का, लाल फडक्यातल्याला मी कवा हात लावला न्हाय. तुम्हीच मागं म्हणला हुता, लाल ते जपायचं. पांढरं ते लाल न्हवं. व्हय ना?"

"व्हय," मी म्हटलं.

"फडकं मी धुवून मास्तरांना परत दिलं. चांगलं हुतं ते. मास्तर धावत हितं आलं, उखळात बघितलं आन् तसंच परत गेलं." तिचा आवाज खाली गेला. "काय चुकलं का माझं?"

"किती बुट्ट्या झाल्या त्याच्या?"

"एकच की. पानं थोडी, कांडल्यावर इवलासा गोळा झाला. टणक म्हणून तुमाला दिली, देवाच्या फुलांना." तिनं माझ्या हाताकडं बोट केलं. "हीच की ती."

५

मास्तर पडवीत बाकावर बसले होते. मी बुट्टी त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलली नाही.

"तुम्हाला कळलंच शेवटी," ते म्हणाले.

"अंबूबाईनं फडकं आणून दिलं त्या दिवशी तुम्हाला कळलं होतं."

"हो. मी बाकाखालची म्हणायचं सोडून बाकावरची म्हणालो. बाकावर काही असेल हे माझ्या ध्यानातच नव्हतं. तिच्याकडं धावत गेलो, यशोदाबाई. उखळात लगदा होता. काळं पाणी ओढ्याकडं चाललं होतं." त्यांनी चष्मा काढला. चष्म्याच्या दांडीला बांधलेल्या दोऱ्याची गाठ बारीक होती, टोकं तोडलेली. "परत आलो आणि तीच रद्दी फडक्यात भरली. कुणी उघडणार नाही असं वाटलं. कोण उघडत होतं?"

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी चष्मा पुसून परत घातला. शेजारच्या गल्लीतून मागांची खटखट येत होती.

"त्या सोमवारी तुम्ही गाठोडं काढताना मी बघितलं होतं. विचारणार होतो, पण तुमचं मौन. मग मीही विसरलो. फडकं परत आलं तेव्हा सगळं जुळलं. तुमचा नेम अर्ध्यात आला होता. तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही फुलं वाहिली असती का पुढं?"

"नाही."

"म्हणून."

त्यांनी चांगल्या मनानं केलं होतं. अंबूबाईनंही. मीही पोथीला विटाळ नको म्हणूनच गाठोडं उचललं होतं. वाईट म्हणावं असा कुणीच त्यात नव्हता. नुसतं नाव गेलं होतं.

"सिद्रामला मी सांगतो," मास्तर उठत म्हणाले. "त्याच्या बापाची साक्ष मीच घालवली."

"आणि चंद्राबाईला?"

मास्तरांनी बुट्टी उचलून माझ्या हातात दिली. ते माझं काम होतं.

६

नवमीच्या सकाळी मी तगरीला हात लावला नाही. फुलं न वाहता, मौन मोडून चंद्राबाईला सगळं सांगितलं. गाठोडं मी का काढलं इथपासून.

तिच्या दारात सडा घातलेला होता. आत नागुबाई सवाष्ण म्हणून येऊन बसली होती. चुलीवर खीर उकळत होती.

चंद्राबाई ओरडली नाही. तिनं बुट्टी हातात घेतली, आतून-बाहेरून हात फिरवला, नाकाशी धरली.

"ह्यातच हाय म्हणता?"

"ह्यातच होतं."

तिनं चुलीच्या वैलावरचं उकळतं पाणी काढलं, पितळी घंगाळात ओतलं आणि बुट्टी त्यात बुडवली. "अंबूआक्का म्हणाली न्हवं का, फाटत न्हवता म्हणून? मग एखादं तरी राह्यलं आसंल."

मी तिला अडवलं नाही. आम्ही दोघी घंगाळापाशी बसलो. बुट्टीची कड मऊ झाली, मग बूड. चंद्राबाई विणकरीण होती, तिच्या बोटांना बारीक धागा कळायचा. ती एकेक पापुद्रा उलगडून तळहातावर पसरायची, उजेडाकडं धरायची. राखेच्या रंगाचा लगदा. मेथीची सालं. पुन्हा लगदा. आतून नागुबाईनं दोनदा हाक मारली. खीर खाली लागल्याचा वास आला.

उन्हं पायरीवरून उतरली तेव्हा तिच्या हाती नखाएवढा एक तुकडा लागला. न कांडलेला. त्यावर आडवी काळी रेघ होती. चंद्राबाईनं तो माझ्यापुढं केला.

"आक्का, हे काय लिवलंय?"

मोडी लिहिताना आधी पानभर आडव्या रेघा मारून घेतात आणि मग त्यांना अक्षरं टांगतात. एवढं मला मास्तरांच्या तोंडून ऐकून माहीत होतं. रेघेखाली काही नव्हतं. पानाच्या शेवटची, अक्षरं न आलेली जागा असावी ती.

"नुसती रेघ आहे, चंद्रा."

"नाव न्हाय?"

"नाही."

तिनं तो तुकडा परत पाण्यात सोडला नाही. पदराच्या टोकाला दोऱ्यानं बांधला, आणि गाठ मारून उरलेला दोरा दातांनी तोडला. मग हात न धुताच उठली. आत जाऊन तिनं केळीचं पान मांडलं, नागुबाईच्या कपाळाला कुंकू लावलं. बोटांना लगदा होता. कुंकवाला राखाडी डाग लागला.

नागुबाईनं पाण्याची ओंजळ धरली. रिवाजाप्रमाणं सवाष्ण विचारते ते तिनं विचारलं.

"कुणाच्या नावानं गं, चंद्रे?"

चंद्राबाईनं माझ्याकडं बघितलं. चातुर्मासात फुलं वाहून होईपर्यंत मी रोज गप्प असायचे. त्या दिवशी माझं मौन मोडलेलं होतं, आणि माझ्याकडं बोलायला एक शब्द नव्हता.

नागुबाईच्या ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं.

"वाढा, आक्का," चंद्राबाई मला म्हणाली. "खीर निवतीया."